सिरी जरा दुबळीच असू दे

दिवाळीत बहिणीकडे ठाण्याला गेले होते. दुपारची जेवणं आटोपल्यावर घरावर जी एक सुस्ती उतरते, त्या वेळी भाचा पलंगावर आडवा पडून मोबाइलवर ‘द विचर ४’ या येऊ घातलेल्या व्हिडिओ गेमचा ट्रेलर बघत होता. कितव्यांदा, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. एका हाताने बशीतल्या चकल्या संपवत, नजर न हलवता त्याने विचारलं, “मावशी, सोपा तर नसेल ना गं?” मी हसले, पण तो हसत नव्हता. आवाजात खरीखुरी काळजी होती. पैसे मोजून घ्यायची, सुट्टीत खेळायची वस्तू. ती आपल्याला पुरेसा त्रास देणार नाही की काय, या धास्तीने एक अठरा वर्षांचा मुलगा ऐन दिवाळीत बेचैन झाला होता. “बघू की, यायचाय अजून,” म्हणून मी विषय संपवला आणि चहा टाकायला उठले. पुण्याला परत येताना घाटात गाड्यांची रांग लागली, तेव्हा तो प्रश्न पुन्हा वर आला. तेव्हापासून गेलेला नाही.

डिसेंबर २०२४मध्ये आलेला हा ट्रेलर सहा मिनिटांचा आहे. त्यात खेळताना काय दिसेल, हातात काय असेल, यातलं काहीच नाही. नुसती गोष्ट आहे. तरी चाहत्यांनी तेवढ्यावर लढाई किती अवघड असेल याचे हिशोब मांडले. काळोखं, ओलं जंगल. गावाने नवस फेडावा तशी पुढे केलेली मियोनी नावाची मुलगी. आणि बाउक. सर्बियातल्या लोककथांमधलं हे भूत अंधाऱ्या कोपऱ्यात, पडक्या घरात दबा धरून बसतं आणि तिकडच्या आयाबाया पोरांना त्याची भीती घालतात. म्हणजे आपल्या बागुलबुवाच्याच भावकीतलं. त्याच्याशी लढताना गेमची नायिका सिरी आपटते, धापा टाकते, कसलासा काढा घशात ओतते आणि तिच्या चेहऱ्यावरच्या शिरा काळ्या पडतात. डोळ्यांच्या बाहुल्या मांजरासारख्या उभ्या. भाच्याने मला ट्रेलर थांबवून थांबवून, काचेवर बोट ठेवून हे सगळं दाखवलं. “बघ, डॉज करतेय, टेलिपोर्ट नाही करत. बघ, पोशन प्यावं लागतंय तिला. म्हणजे पॉवर गेली असणार.”

‘गेली असणार’ हे तो ज्या आनंदात म्हणाला, त्या आनंदाचंच मला नवल वाटलं.

‘विचर ३’ खेळलेल्यांना हा आनंद समजेल. त्या गेममध्ये आपण खेळतो गेराल्ट म्हणून. तो विचर, म्हणजे पैसे घेऊन राक्षस मारणारा. तलवारीला तेल लावा, काढे उकळा, कुठल्या राक्षसाला काय चालतं ते वाचा, मग लढा. मधूनच थोडा वेळ त्याची मानलेली मुलगी सिरी हातात येते आणि सगळं बदलतं. ती ना काढे पिते, ना गेराल्टसारखी जादूची चिन्हं टाकते. तिला गरजच नसते. बटण दाबलं की ती हिरवट उजेडात अदृश्य होते आणि शत्रूच्या पाठीमागे उगवते. पहिल्यांदा मी सिरीला चालवलं तेव्हा, जंगलात एका लहान मुलीला घेऊन ती लांडग्यांमधून वाट काढते त्या भागात, मला अगदी मोकळं मोकळं वाटलं होतं. बिनधास्त. पण ते तुकडे छोटे होते. पंधरा-वीस मिनिटं बिनधास्त असणं वेगळं आणि शंभर तास बिनधास्त असणं वेगळं. शंभर तासांच्या गेममध्ये जी बाई वाटेल तेव्हा संकटातून नाहीशी होऊ शकते, तिला कशाची भीती? आणि तिला भीती नसेल तर आपण तिच्या बरोबर का चालायचं? त्यामुळे नवा गेम सिरीचा असणार हे कळल्यापासून चाहते वरवर लढाईबद्दल वाद घालत असले, स्टॅमिना असेल का, पॅरी, म्हणजे वार अडवणं, कशी असेल, काढे किती बाळगता येतील, तरी त्या सगळ्या वादाखाली सिरी आता कोण आहे हाच प्रश्न आहे. विचर होण्यासाठी पोरांना ज्या गवताच्या चाचणीतून जावं लागतं, तीत दहातली तीनच वाचतात म्हणे. मग ही मोठी बाई त्यातून कशी वाचली? काय देऊन वाचली? तिने काहीतरी गमावलं असलं पाहिजे, असं सगळ्यांना वाटतं. वाटतं म्हणजे, तसं हवं आहे.

एवढी लाडकी मुलगी, आणि ती दुबळी झाली असावी अशी सगळ्यांची प्रार्थना.

लाडकी हा शब्द मी उगाच वापरत नाही. ‘विचर ३’मध्ये सिरीचं पुढे काय होणार ते तलवारीने ठरत नाही, आपण तिच्याशी कसे वागलो त्यावर ठरतं. तिचा म्हातारा गुरू वेसेमिर गेल्यावर ती सुन्न बसलेली असते. तिथे तिच्या शेजारी बसून दारू प्यायची, की तिला बाहेर ओढून बर्फाचे गोळे फेकत खेळायचं, असे दोन पर्याय येतात. मी बर्फ निवडला. काही विचार करून नाही. रात्रीचा एक वाजला होता आणि मला त्या पोरीला हसताना बघायचं होतं. त्या आणि तसल्याच दोन-चार छोट्या क्षणांवर शेवट हलतो हे मला फार नंतर कळलं. माझी सिरी शेवटी विचर झाली, तलवार घेऊन वाटेला लागली. माझ्या एका मैत्रिणीची सिरी सम्राज्ञी झाली, आणि ट्रेलर बघून ती मैत्रीण जरा हिरमुसली. तिच्या मते पोरीचं चांगलं स्थळ मोडलं. तर सांगायचं असं, की जिला आपण हाताला धरून मोठं केलं, तीच आता आपल्या हातात येणार आणि आपल्याच चुकीच्या बटणामुळे चिखलात तोंडावर पडणार, पुन्हा उठणार, पुन्हा पडणार. भाच्याला नेमकं हेच व्हायला हवंय. मलाही हवंय. का हवंय ते मात्र मला नीट सांगता येत नव्हतं.

अशी वाट मी आधीही पाहिली आहे. ‘एल्डन रिंग’ या गेमचा पहिला ट्रेलर जून २०१९मध्ये आला आणि मग दोन वर्षं शुकशुकाट. एक चित्र नाही, एक ओळ नाही. त्यातच २०२० उजाडलं. पुण्यात रस्ते रिकामे, सोसायटीच्या गेटला दोरी, आणि आम्ही चार-पाच जण रात्री मेसेजवर त्या एवढ्याशा ट्रेलरचा कीस पाडत बसलेलो. कृत्रिम हात बसवून घेणारी एक बाई. अंगाला परके हात जोडून घेणारा कुणी एक. तेजस्वी वलयावर घण घालणारी एक आकृती. एवढंच भांडवल. त्या बाईबद्दल आमच्यातल्या प्रत्येकाची वेगळी गोष्ट होती. माझी बाई म्हणजे लढाई सोडून दिलेली, पुन्हा तलवार धरायला नकोशी झालेली अशी होती. जगभरच्या चाहत्यांनी तर कमालच केली. बातमी मिळेना म्हणून त्यांनी गेममध्ये नसलेला एक बॉस, म्हणजे बलाढ्य शत्रू, स्वतःच तयार केला, त्याचं नाव ठेवलं ग्लेव्ह मास्टर होदिर, तो किती भयंकर आहे, त्याला हरवताना आपली कशी दमछाक झाली याच्या आठवणी एकमेकांना सांगितल्या. न आलेल्या गेममधल्या, नसलेल्या राक्षसाकडून झालेल्या पराभवाच्या आठवणी! मला त्या वेळी हे वेड वाटलं होतं आणि वाचताना मी खूप हसायचे. पण एक गोष्ट तेव्हाही लक्षात आली होती. होदिरला सहज हरवल्याची बढाई फारशी कुणी मारत नसे. त्यात गंमतच नव्हती.

हा गेम ज्याने घडवला तो हिदेताका मियाझाकी लहानपणी गरिबीत वाढला. घरात पुस्तकांना पैसे नाहीत, म्हणून वाचनालयातून आणायची. त्यात इंग्रजीतल्या अद्भुत गोष्टी असायच्या आणि त्या त्याला अर्ध्यामुर्ध्याच कळायच्या. उरलेलं तो चित्रं बघून मनाने भरून काढायचा. हे त्याने स्वतः मुलाखतींमध्ये सांगितलेलं आहे. त्याचे गेम तसेच आहेत. कुणी काही धड सांगत नाही, एखाद्या अंगठीच्या वर्णनात दोन ओळी सापडतात, एखादा म्हातारा अर्धं वाक्य बोलून हसतो. ते मला आवडतं, पण खरं सांगायचं तर २०१९ ते २०२१ या काळात आम्ही जो गेम खेळलो, तो त्याच्या गेमपेक्षाही त्याच्या त्या वाचनालयाच्या जास्त जवळचा होता. तो तर विकायलाही आलेला नव्हता.

मग तो आला. आधी २१ जानेवारी २०२२ ही तारीख होती, ती पुढे जाऊन २५ फेब्रुवारी झाली. त्या शुक्रवारी मी ऑफिसातून लवकर निघाले. गुहेतून बाहेर पडलं की पहिल्यांदा उजेड येतो, सोन्यासारखं झाड, गवतावर वारा. आणि समोरच सोनेरी चिलखतातला घोडेस्वार गस्त घालत असतो. अर्थातच मी गेले. अर्थातच मेले. पडद्यावर ती लाल अक्षरं उमटली आणि माझ्या हाताला घाम फुटला होता, कंट्रोलर घसरत होता, आणि मी एकटीच घरात मोठ्याने हसले. मग किल्ल्याच्या दारातला मार्गिट. हा काठी उगारतो आणि उगारूनच धरतो. आपण घाबरून आधीच लोळण घेतो, आणि उठता उठता ती काठी खाली येते. तो आपल्या बोटांना नाही, आपल्या घाईला मारतो. हे कळायला मला बरेच दिवस लागले, आणि कळल्यावर ऑफिसातल्या मीटिंगमध्येही मी जरा कमी बोलायला लागले, असं माझी एक सहकारी म्हणते. तिची थट्टा असेल.

आणि ती बाई? ती मलेनिया निघाली. दमलेली, तलवार नकोशी झालेली वगैरे काही नाही. आपल्याला हार ठाऊकच नाही असं तोंडावर सांगणारी, आणि वार लागला की आपल्या रक्तावर स्वतःचं आयुष्य भरून घेणारी. माझी बाई त्या दिवशी गेली ती गेलीच. मलेनिया फार देखणी, फार भयंकर आहे, तिचा तो हवेतला नाच बघताना मरायचंही विसरायला होतं. पण दोन वर्षं जिच्याबरोबर मी रात्री काढल्या ती ही नव्हे. वाट पाहण्यातली ही एक ठसठस असते. लढाई अपेक्षेएवढी, किंवा जास्तच, अवघड निघू शकते. माणसं मात्र कधीच आपल्या मनातल्यासारखी निघत नाहीत.

त्या मे महिन्यात भाचा सुट्टीला माझ्याकडे आला होता. मलेनियासमोर माझा रोजचा पराभव तो आंबे खात बघायचा. त्याच सुमारास डोक्यावर मडकं, अंगावर फक्त लंगोट आणि हातात दोन तलवारी, अशा अवतारातला एक खेळाडू अनोळखी लोकांच्या मदतीला धावून एकट्याने मलेनियाला मारून द्यायचा म्हणून गाजत होता. पुढे कंपनीने त्याला खरी तलवार भेट पाठवली. त्याची नक्कल करणारे मडकेवालेही खूप झाले होते. त्यातलाच एक मला मिळाला. तो लढायला लागला, मी मागे उभी. पोरगा रडकुंडीला आला. “मावशी, त्याला घालव ना! तू मार!” मी म्हटलं, बाळा, मला उद्या ऑफिस आहे. मडकेवाल्याने तिला पाडलं, वाकून नमस्कार केला आणि नाहीसा झाला. मला फार बरं वाटलं. भाचा रात्री जेवताना माझ्याशी बोलला नाही.

हा प्रकार आम्हा ट्रेकवाल्यांना नवा नाही. हरिश्चंद्रगडावर पाचनईहून चढलं तर घरातली आजीसुद्धा दमत दमत वर पोचते. खिरेश्वरहून तोलार खिंडीने जरा घाम निघतो. आणि बेलपाड्याहून नळीच्या वाटेने जायचं तर दगडांच्या घळीतून हातापायांनी चढत, दोरावर भिस्त ठेवत दिवस जातो. कॉलेजात असताना आमच्या ग्रुपमध्ये नवीन आलेला प्रत्येक जण आधी विचारायचा, “सोपी वाट नाही ना?” वर पोचल्यावर कोकणकडा एकच, वारा एकच, झोपडीतलं पिठलं-भाकरीही एकच. तरी नळीने आलेला माणूस भाकरी मोडताना पाचनईवाल्याकडे एक नजर टाकायचाच. मीही टाकलेली आहे. आता मी पाचनईने जाते, आणि ती नजर माझ्यावर पडते तेव्हा मला मजा वाटते.

गेममध्ये या नजरेला वाटांची नावंच दिलेली असतात. ‘विचर ३’मध्ये अवघडपणाच्या अशा चार पायऱ्या, म्हणजे मोड, होत्या: ‘जस्ट द स्टोरी’पासून ‘डेथ मार्च’पर्यंत. वरच्या पायऱ्यांवर नुसतं ध्यान लावून बसल्याने जखमा भरत नाहीत, एवढ्या एका फरकाने अख्खा खेळ पालटतो. काढा, अन्न, तेल यांना अचानक मोल येतं. ‘एल्डन रिंग’मध्ये असा पर्यायच नाही, पण सोप्या वाटा आहेत, राखेतून साथीदार उठवा, मडकेवाला बोलवा, फिरून लेव्हल वाढवून या. मियाझाकीचं म्हणणं असं, की अवघडपणा काढला तर जिंकल्याचा आनंदही जातो. पटतं. पण हे तत्त्व पाठ करून दुसऱ्यावर फेकणारे लोक मला पटत नाहीत. अवघड हवं असणं वेगळं आणि दुसऱ्याला सोपं मिळू नये असं वाटणं वेगळं. सिरीचा नवा चेहरा बघून ‘ही आमची सिरी नाही’ म्हणून गळा काढणाऱ्यांत असे बरेच होते. तिचे गाल भरले, ती थकलेली दिसते, वगैरे. राक्षसांच्या मागे रानोमाळ हिंडणारी बाई थकलेली दिसणार नाही तर काय? त्यांना लढाईत दुबळी सिरी चालते, चेहऱ्यावर दिसलेली चालत नाही. मला तो चेहरा बघता क्षणी आवडला. चाळिशी ओलांडल्याचा परिणाम असेल.

आता पुन्हा त्या ट्रेलरकडे. भाचा नेहमी बाउक मेला की मागे नेऊन पुन्हा लावायचा, त्यामुळे शेवट मी बऱ्याच उशिरा नीट पाहिला. सिरी जिंकते. लंगडत, रक्ताळलेली गावात परत येते. आणि मियोनी मेलेली असते. राक्षसाने नाही, गावकऱ्यांनीच मारलेली. नवस तो नवस. हे कुठल्या मोडवर सोपं होणार? ‘विचर ३’मध्येही मला रडवलं ते राक्षसांनी नाही. दलदलीतल्या त्या झाडाखाली कोंडलेल्या आत्म्याने रडवलं. सोडलं तर अनाथ पोरं वाचतात आणि एक गाव उजाड होतं, एक घर संपतं. मारलं तर ते घर कसंबसं तगतं आणि पोरं जातात. लढाईत मेलं की पाच सेकंदांत पुन्हा उभं करतात. इथे काय घडलं ते कळायलाच कित्येक तास जातात, तोवर मागचं सेव्ह पुसून गेलेलं असतं. आणि गंमत अशी, की हे अवघड असू दे म्हणून कुणी प्रार्थना करत नाही. यावर कुणी हिशोब मांडत नाही, की यंदा किती पोरं मरतील. आम्ही सगळे मागतो ते दुसऱ्या प्रकारचं अवघड. ज्यात काठी कधी पडते ते शिकता येतं, ज्यात सिरी चिखलातून उठली की तिच्या अंगावर मागच्या वेळचा एकही ओरखडा नसतो.

भाच्याने यंदा ड्रॉप घेतलाय. बारावी झाली, पण हवं तिथे नंबर लागला नाही. दिवाळीत घरात त्याबद्दल कुणी बोललं नाही. बोललं नाही हे त्यालाही कळत होतं. त्याच्या प्रश्नाला मी हे चिकटवणार नाही, तो त्यापेक्षा बराच हुशार आहे. पण परवा त्याचा फोन आला तेव्हा मी आपण होऊन म्हटलं, की अवघड असेल रे, काळजी करू नको. ती आता विचर आहे, काढे प्यायला लागतात तिला. “नक्की?” म्हणाला. नक्की काहीच नाही. ‘विचर’च्या कंपनीने २०२६ संपायच्या आत गेम येणार नाही एवढं सांगितलंय, आणि याच कंपनीचा ‘सायबरपंक’ २०२०मध्ये कुठल्या अवस्थेत बाहेर पडला होता ते आठवलं तर उशीर केलेलाच बरा. मग तू कुठल्या मोडवर खेळणार, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, खालून दुसऱ्या. तिकडून एक दीर्घ सुस्कारा आला.

आमची पैज लागली आहे. तो सगळ्यात वरच्या मोडवर खेळणार, मी माझ्या वाटेने; सिरीला आधी शेवटापर्यंत कोण नेतं ते बघायचं. अट एकच, मडकेवाला बोलवायचा नाही. मी सांगितलं की ‘विचर’मध्ये मडकेवाले नसतात, त्यावर तो म्हणाला, तुझा भरवसा नाही. खरी अडचण वेगळीच आहे. त्याच्या कॉम्प्युटरचं ग्राफिक्स कार्ड जुनं झालंय, नव्याची किंमत त्याने मला सांगितली आणि ही गोष्ट आईच्या कानावर तूच घाल असं सुचवलं, कारण ती म्हणे माझं ऐकते. बहीण माझं शेवटचं कधी ऐकली होती ते आम्हा दोघांनाही आठवेना. मी म्हटलं, घालते, पण तुझा रिझल्ट लागल्यावर. “आणि रिझल्ट वाईट लागला तर?” तर कार्ड मी घेऊन देईन, पण मग तुलाही खालून दुसऱ्या मोडवर खेळावं लागेल. तो विचार करून सांगतो म्हणाला.